पाचट ठेवलं की खोडवा पिवळा पडतो? काडी लावण्याआधी हे तपासा

ऊस तुटून गाड्या कारखान्याकडे गेल्या की रानात वाळलेल्या पानांचं पाचट आणि जमिनीतली बुडखी उरतात; त्या बुडख्यांतून फुटून येणारं पुढचं पीक म्हणजे खोडवा. मग आठवड्याभरात हे बोलणं कानावर येतंच. "मागच्या साली पाचट ठेवून बघितलं. निम्मा खोडवा उगवलाच नाही, उगवला तो पिवळा पडला. पाणी सरीच्या टोकाला पोचायचं नाव घेईना. यंदा काडी लावून मोकळं होणार." कृष्णा-वारणेच्या काठावर हे ऐकू येतं, तसंच नीरेच्या, भीमेच्या आणि प्रवरेच्या काठावरही. दर हंगामात काही जण पाचट ठेवतात, त्यातला एखादा खोडवा फसतो, आणि पुढच्या वर्षी त्या शिवारात परत धूर निघतो.

या तक्रारी खऱ्या आहेत. 'पाचट ठेवा, जमीन वाचवा' एवढं सांगून त्यांचं उत्तर होत नाही. ज्याचा खोडवा एकदा हातचा गेला, त्याला नेमकं काय बिघडलं हे कळल्याशिवाय तो पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. पाचटामुळे बिघडलेल्या बहुतेक खोडव्यांचं मूळ तोडणीनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांत असतं. त्या पंधरवड्यात तीन-चार कामं व्हावी लागतात, आणि लग्नसराई, पाण्याची पाळी नि दुसऱ्या प्लॉटची तोड या गडबडीत नेमकी तीच राहून जातात.

जाळलेला खोडवा आधी हिरवा का दिसतो

हे आधी समजून घेऊ, कारण सगळा घोळ इथून सुरू होतो. पाचट जाळलेल्या रानात बुडख्यांवर काही झाकण राहत नाही, ऊन थेट लागतं, काळी पडलेली जमीन तापते आणि कोंब लवकर वर येतात. जमिनीतलं नत्र ओढून घ्यायला वर काही नसतं. राखेतलं पालाश लगेच मिळतं. त्यामुळे पहिला महिना-दीड महिना जाळलेलं रान शेजारच्या पाचट ठेवलेल्या रानापेक्षा उजवं दिसतं. बांधावरून बघणारा तेवढंच बघतो आणि ठरवून टाकतो.

त्या हिरव्या रंगाची किंमत मोठी आहे. एका हेक्टरच्या उसातून 8 ते 10 टन पाचट निघतं, म्हणजे एकरी तीन-चार टन. त्यात अर्धा टक्क्याच्या आसपास नत्र आणि एक टक्क्याच्या आसपास पालाश असतं. एकरी हिशेब केला तर 15 ते 20 किलो नत्र आणि टनाहून जास्त सेंद्रिय कर्ब. काडी लावली की नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळाच हवेत जातो. राखेत पालाश आणि थोडं स्फुरद उरतं, तेही वाऱ्याने नाहीतर पहिल्या पाण्याने वाहून जायच्या बेतात असतं. वर बुडख्यांचे जमिनीलगतचे डोळे (कोंब फुटायच्या जागा) भाजतात, जिवाणू मरतात, गांडुळं खाली जातात किंवा संपतात. आपल्या बारमाही उसाच्या जमिनींचं माती परीक्षण काढून बघा, सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत असलेले कितीतरी अहवाल दिसतील. शेणखत मिळत नाही म्हणून आपण ओरडतो आणि तीन-चार टन सेंद्रिय माल रानातच पेटवून देतो, हे मला खरोखर सलतं.

आता एकेक तक्रार घेऊ.

"खोडवा उगवलाच नाही"

रानात जा आणि जिथे उगवण नाही तिथलं पाचट हाताने बाजूला करा. बहुतेक वेळा खाली बेट (बुडख्यांचा झुपका) जिवंत असतं. कोंब आलेला असतो, पण तो पांढुरका, बारीक आणि आडवा गेलेला असतो, उजेड शोधत पाचटाखालून वीत-दीड वीत सरपटलेला. पाचट थेट बुडख्यांवर पडून राहिलं की हे होणारच.

तोड झाल्या झाल्या, कोंब यायच्या आत, वरंब्यावरचं पाचट सरीत ओढून घ्या. सगळी बुडखी उघडी, आकाशाकडे तोंड करून दिसली पाहिजेत. हे काम माणसांनी दाताळ्याने होतं. एकरी किती मजूर लागतात ते तोडणी करणाऱ्या टोळीने पाचट कसं टाकलंय यावर आहे. म्हणून टोळी फडात उतरतानाच मुकादमाला सांगून ठेवा की पाचट सरीत पडू दे, ढीग नको. त्यांना वाढं (शेंड्यांचा हिरवा चारा) बांधायचंच असतं, त्यामुळे शेंडे बाजूला होतात आणि पाचट एका रेषेत पडायला फार वेगळे कष्ट लागत नाहीत. चहापाण्याला थोडं जास्त द्यावं लागलं तरी द्या, ते मजुरीत वसूल होतं.

दुसरं कारण बुडखा उंच राहणं. कोयता दोन-तीन बोटं वर लागला की जमिनीवर राहिलेल्या कांडीचे वरचे डोळे आधी फुटतात. त्या फुटव्यांना स्वतःची मुळं धरायला माती मिळत नाही, ते वाऱ्यावर हलत राहतात आणि अशक्त होतात. जमिनीखालचे डोळे झोपून राहतात. पाचट सरीत ओढून झालं की धारदार कोयत्याने किंवा बुडखे छाटणी यंत्राने बुडखे जमिनीलगत छाटा आणि त्यावर शिफारशीतल्या बुरशीनाशकाची फवारणी घ्या. छाटणीला उशीर करू नका. कोंब बोटभर वर आल्यावर छाटलं तर तेच कोंब कापले जातात.

आणि एक गोष्ट पाचटाच्या डोक्यावर फुकट फुटते: तोडच उशिरा झालेली असते. खोडवा 15 फेब्रुवारीपर्यंत ठेवावा अशी शिफारस आहे. मार्च-एप्रिलमध्ये तुटलेल्या उसाचा खोडवा उन्हात सापडतो, खोडकीड लागते आणि फुटवे कमी येतात. तिथे पाचट जाळून काही सुधारत नाही. उलट उन्हाळ्यात ओल धरून ठेवायला तेच कामाला आलं असतं.

जागा रिकाम्या राहिल्याच तर नांग्या (रिकाम्या जागा) भरायला बी टिपरी (उसाच्या कांड्यांचे तुकडे) लावत बसू नका, ती आजूबाजूच्या खोडव्याच्या सावलीत मागे पडतात. ट्रेमधली किंवा पिशवीतली महिना-सव्वा महिन्याची रोपं लावा.

"उगवला, पण पिवळा पडला"

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आणि सगळ्यात जास्त चुकीचा इलाज होणारीही. पिवळं म्हणजे एकच आजार नव्हे. तीन वेगवेगळी पिवळी असतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

खालची, जुनी पानं आधी फिकट होऊन मग पिवळी पडत असतील आणि सगळं रान एकसारखं निस्तेज दिसत असेल तर नत्र कमी पडतंय. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडं असतं, साधारण 80 ते 100 भाग कर्बाला 1 भाग नत्र. कुजवणाऱ्या जिवाणूंना 25-30 ला 1 असं प्रमाण लागतं. कमी पडणारं नत्र ते जमिनीतून उचलतात. म्हणजे खोडव्याचे कोंब आणि पाचट कुजवणारे जिवाणू एकाच ताटात जेवायला बसतात, आणि जिवाणूंचा हात वेगाने चालतो. पुढे पाचट कुजलं की ते नत्र परत मिळतं, पण फुटवे धरायच्या वेळी पीक उपाशी राहिलेलं असतं.

म्हणून पाचट सरीत दाबल्यावर लगेच, पहिल्या पाण्याच्या आधी, त्यावर एकरी 50 किलो युरिया आणि 50 किलो सिंगल सुपर फॉस्फेट सारखं फेकायचं. हा युरिया पाचटाचा आहे, उसाच्या डोसातला नाही. 'आता एक पोतं टाकलंय, मग पहिल्या डोसात एक पोतं कमी करू' असा हिशेब केला की पिवळेपणा परत आलाच. युरिया टाकून रान कोरडं ठेवायचं नाही, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाणी द्यायचं, नाहीतर तो उडून जातो. पाचट ओलं झालं की टनाला एक किलो, म्हणजे एकरी साधारण चार किलो, पाचट कुजवणारं जिवाणू खत चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून त्यावर विस्कटा. हे खत कृषी विद्यापीठांकडे आणि बऱ्याच कारखान्यांच्या ऊस विकास विभागात मिळतं. युरियाच्या पाटीत जिवाणू मिसळून एकदम फेकू नका. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राचं वेस्ट डिकंपोजर (कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर) वापरणारे 200 लिटर पाण्यात 2 किलो गूळ घालून ते वाढवतात आणि पाटपाण्याबरोबर सोडतात, तेही चालतं. पण एक सांगतो, युरिया न टाकता नुसतं कल्चर सोडलं तर नत्राची ओढाताण आणखी वाढते. पिवळ्या पडलेल्या बऱ्याच रानांत कल्चर वेळेवर पडलेलं असतं, युरियाच राहिलेला असतो.

दुसरं पिवळं म्हणजे केवडा. इथे नवी, वरची पानं पिवळी-पांढरी होतात, शिरा काही काळ हिरव्या राहतात, आणि रानात चट्ट्याचट्ट्यांनी दिसतं. हे लोहाचं. चुनखडीच्या जमिनीत खोडव्याला केवडा पाचट असो नसो पडतोच. त्यावर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 100 ग्रॅम युरिया अशी फवारणी घ्या, आठ-दहा दिवसांनी पुन्हा घ्या. जमिनीतून द्यायचं तर एकरी 10 किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून द्या. तसंच टाकलं तर चुनखडीत अडकून बसतं.

तिसरं पिवळं भारी, निचरा नसलेल्या जमिनीतलं. शिरोळ, मिरज, वाळवा भागात क्षारपड होत चाललेल्या रानांत हे फार दिसतं. सरीतलं पाचट उचलून हुंगा. कुजकट, गटारासारखा वास आला आणि मुळं काळपट, बुळबुळीत दिसली तर हवा कोंडली आहे. पाचट पाण्यात कुजतंय. तिथे पाणी तोडा, चर काढून निचरा करा आणि पाचट एका आड एका सरीत ओढून घ्या. अशा जमिनीत सगळ्या सऱ्या पाचटाने भरून पाट सोडत राहणं योग्य नाही, हे स्पष्टच सांगायला हवं.

"पाणी पुढे सरकत नाही"

खरं आहे, पहिल्या दोन पाण्यांना त्रास होतो. तीन फुटी सरी आणि उभं, न दबलेलं पाचट असेल तर पाणी फुगून वरंब्यावर चढतं. पहिल्या पाण्याआधी पाचट पायाने किंवा ट्रॅक्टरच्या चाकाने दाबून घ्या. सऱ्या लांब असतील तर मध्ये आडवा पाट घेऊन लांबी निम्मी करा. साडेचार-पाच फुटी सरीत हा प्रश्न बराच हलका होतो, म्हणून नवी लागण करतानाच खोडव्याचा विचार करून सरी पाडावी.

एका आड एक सरीचा मार्ग इथेही कामी येतो. दोन सऱ्यांचं पाचट एकीत भरायचं आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यायचं. ओल आडवी पसरते, पाचटाची सरी हळूहळू कुजते.

दोन पाण्यांनंतर पाचट बसतं आणि मग फायदा दिसायला लागतो. एप्रिलच्या उन्हात शेजारच्या उघड्या रानाला भेगा पडलेल्या असताना पाचटाखालची माती मुठीत धरली तर तिचा गोळा होतो. त्यामुळे दोन पाळ्यांतलं अंतर वाढवता येतं, कॅनॉलचं आवर्तन लांबलं तरी पीक तग धरतं. फक्त सवयीने पहिल्यासारखंच पाणी देत राहिलात तर वर सांगितलेलं तिसरं पिवळं ओढवून घ्याल.

ठिबक असेल तर पाणी पुढे सरकायचा प्रश्नच नाही. नळ्या तोडणीआधी गुंडाळून ठेवलेल्या असतात, त्या पाचट सरीत ओढल्यावर बेटाजवळून परत अंथरा, म्हणजे ड्रीपर डोळ्यासमोर राहतात आणि उंदरांनी कुरतडलेली जागा लगेच सापडते. पाचटावर मात्र ठिबकाची ओल सगळीकडे पोचत नाही, त्यामुळे कुजायला जास्त दिवस लागतात. पाचट कुट्टी इथे खरी उपयोगी पडते.

कुट्टी करावी का

यंत्र मिळत असेल तर जरूर. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (इंजिनाची ताकद यंत्राला देणाऱ्या दांड्यावर) चालणारं कुट्टी यंत्र पाचटाचे बारीक तुकडे करून तिथेच पसरतं, बुडखेही काही यंत्रांत छाटले जातात. तुकडे जमिनीला चिकटून बसतात, पाणी अडत नाही, आणि साडेतीन-चार महिन्यांत बरंचसं कुजून जातं. अखंड पाचटाला पावसाळा लागतो. स्वतःचं यंत्र घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर यांत्रिकीकरणाच्या योजनेत अर्ज करता येतो. पण दोन-चार एकरवाल्याने भाड्याने करून घेणंच परवडतं. यंत्र नाही म्हणून जाळायचं, हे मात्र मला पटत नाही. कुट्टीशिवायही खोडवा उत्तम येतो, फक्त बुडखी उघडी हवीत आणि युरिया वेळेत पडायला हवा.

हार्वेस्टरने तुटलेल्या रानात तुकडे आधीच झालेले असतात, पण ते सगळीकडे सारखे पसरतात, वरंब्यावरही. तिथे बुडखी झाकली गेली आहेत का ते फिरून बघा. यंत्राच्या आणि गाड्यांच्या चाकाने सरी दबलेली असेल तर वापसा आल्यावरच (जमीन कामाजोगी सुकल्यावरच) पुढची कामं करा.

"मग खत कुठे टाकू? पाचटावर?"

नाही. पाचटाचा युरिया-सुपर वेगळा; उसाच्या डोसातलं खत पाचटावर फेकलं तर बरंच वाया जातं. इथे पहारीची पद्धत आहे आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने ती वर्षानुवर्षं सांगितली आहे. बेटापासून 10 ते 15 सेंटीमीटरवर, तेवढंच खोल भोक पहारीने घ्यायचं, त्यात खत टाकून पायाने बुजवायचं, पुढचं भोक फूटभरावर. शिफारशीतली निम्मी मात्रा तोडीनंतर पंधरा दिवसांत सरीच्या एका बाजूला, उरलेली निम्मी साधारण 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. खोडव्यासाठी हेक्टरी 250 किलो नत्र, 115 किलो स्फुरद आणि 115 किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे, माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त करा. खत थेट मुळाशी जातं, पाचटातल्या जिवाणूंच्या तोंडी लागत नाही, तणांनाही मिळत नाही.

या पद्धतीत बगला फोडायच्या नाहीत, बांधणी करायची नाही, आंतरमशागत जवळजवळ नाहीच. खुरपणी एखाद-दुसरी, वरंब्यावरच्या तणापुरती. पाचट गोळा करायला गेलेली मजुरी इथे परत येते. हा हिशेब मांडलाच जात नाही. फक्त फेब्रुवारीतला खर्च दिसतो, मे-जूनमधली वाचलेली औतं आणि खुरपणी दिसत नाहीत.

उंदीर, साप, आग

उंदरांना पाचटात आसरा मिळतो हे खरं. पण ते राहतात बांधात. बांधावरचं गवत काढा, संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढ्यातच झिंक फॉस्फाइडचं आमिष हातमोजे घालून ठेवा. जनावरं, कोंबड्या आणि लहान मुलं तिकडे जाणार नाहीत हे बघा. आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात केलं तरच उपयोग, नाहीतर ते या बांधातून त्या बांधात जातात. सापाची भीती कुणी हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या महिन्यात पाचटात उतरताना गमबूट घाला आणि रात्रीचं पाणी शक्यतो टाळा.

आग हा खरा धोका आहे. आपण पाचट ठेवतो आणि शेजारी पेटवतो. वारं फिरलं की आपलं रान, ठिबकाच्या नळ्या, कधी शेजारचा उभा ऊस जातो. रस्त्याच्या आणि बांधाच्या कडेने आठ-दहा फुटांचा पट्टा पाचट आत ओढून मोकळा ठेवा. पहिलं पाणी आधी त्याच कडेच्या सऱ्यांना द्या. रानावरून लोंबणाऱ्या तारा असतील तर तोडीआधीच लेखी कळवून ताणून घ्या. आणि शेजाऱ्याशी भांडण होण्याआधी बोला. 'दादा, पेटवायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगा' एवढं म्हटलं तरी पुष्कळ वाचतं. त्याला कुट्टी यंत्र एकत्र भाड्याने आणायला तयार केलंत तर दोघांचा खर्च उतरतो.

खोडवा ठेवायचाच नसेल तर

काणी किंवा गवताळ वाढ हे रोग लागलेल्या उसाचा खोडवा ठेवूच नये, पाचट असो वा नसो. रान मोडायचं असेल तर कुट्टी करून युरिया-सुपर टाका, रोटाव्हेटरने मातीत मिसळा, एक पाणी द्या आणि पुढच्या पेरणीपर्यंत निदान महिना-दीड महिना जाऊ द्या. मध्ये ताग किंवा धैंचा घेता आला तर फारच चांगलं. लगेच सोयाबीन पेरलं तर तेही सुरुवातीला पिवळं दिसेल, त्याच नत्राच्या ओढाताणीने. पाचट जास्तच झालं असेल तर हळदीत, केळीत, डाळिंबाच्या आळ्यात आच्छादनाला न्या. गोठ्याच्या कडेला खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर देऊन कुजवलं तर पुढच्या लागणीला खत तयार मिळतं.

ज्यांनी यंदा पेटवून टाकलंय, त्यांनी राख वाऱ्यावर जायच्या आत हलकं पाणी द्यावं, बुडखे छाटून खत पहारीनेच द्यावं आणि वरंब्यावर भाजून गेलेल्या बेटांच्या जागी रोपांनी नांग्या भराव्यात. पुढच्या हंगामात सगळं क्षेत्र एकदम पाचटावर नेण्याचा आग्रह नको. निचऱ्याचं, बांधाला लागून कुणाचा जाळणारा प्लॉट नसलेलं एक एकर निवडा, जानेवारीच्या आत तुटेल असं बघा, आणि टोळी यायच्या आधी एक पोतं युरिया, एक पोतं सुपर आणि चार किलो कल्चर घरात आणून ठेवा. तोडीच्या दिवशी दुकान शोधत बसलं की आठ दिवस सहज जातात.